गावी न्हाणीच्या चुलाण्यासाठी लाकडं फोडताना कुऱ्हाड रुतून बसते, हाताला फोड येतात. ताकद कमी पडतेय की मशीन घ्यावं?

दोन्ही नाही. तुम्ही लिहिलंय की पुण्याहून गुहागरजवळच्या गावी राहायला आलात, वर्षाच्या सरपणाची बेगमी स्वतः करायची आहे, आणि शेजारी म्हणतात, "तुमच्या अंगात जोर नाही." हे वाक्य वाचलं म्हणून उत्तर लिहायला बसलो. लाकूड फोडण्यात जोराचं काम फार थोडं. आमच्या वाडीत साठी उलटलेल्या बायका सुरूचे तुकडे दोन घावांत उकलतात आणि विशीतली पोरं त्याच तुकड्यावर घामाघूम होतात.

कुऱ्हाड रुतते ती बहुतेक वेळा चुकीची असते म्हणून. तोडायची कुऱ्हाड पातळ पात्याची, कारण तिला लाकडाच्या रेषा, म्हणजे तंतू, आडव्या कापायच्या असतात. फोडायच्या कुऱ्हाडीला रेषा एकमेकींपासून सोडवायच्या असतात, म्हणून तिचं पातं धारेच्या मागे लगेच जाड होत गेलेलं हवं. लोहाराकडे जाऊन "फोडायची" असं सांगून घ्या, वजन पावणेदोन ते दोन किलो. जास्त वजनाची घेतलीत तर दहाव्या घावानंतर नेम जातो. दांडा अडीच फुटांच्या आसपास, शक्यतो धामणीचा. धामण लवते, झटका मनगटात येत नाही. दांडा भर पावसाळ्यात बसवू नका. दमट हवेत फुगलेलं लाकूड फाल्गुनात आकसतं आणि डोकं हलायला लागतं. मग लोक कुऱ्हाड रात्रभर बादलीत बुडवून ठेवतात. नेढ्यात, म्हणजे दांडा बसतो त्या भोकात, फुगायला जागा नसते, तंतू आतल्या आत चेंबतात, आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षा ढिला होतो. तिथे वरून पाचर मारा किंवा दांडा बदला.

धारेवरून माझा आणि माझ्या चुलतभावाचा वाद अजून मिटलेला नाही. तो ग्राइंडर लावतो. पात्याच्या कडेला निळसर झाक आली की लोहाराने दिलेलं पाणी उतरलं, लोखंड मऊ पडलं. मग ती धार चार दिवस टिकत नाही. कानस घ्या, धारेकडून माथ्याकडे सावकाश चालवा, शेवटी दगड फिरवा. वस्तऱ्यासारखी धार फोडायच्या कुऱ्हाडीला लागतच नाही. त्याची दुसरी सवय म्हणजे रुतलेल्या कुऱ्हाडीच्या माथ्यावर घण घालायचा. त्याने नेढं पसरतं आणि पुढे कुठलाच दांडा त्यात बसत नाही. घणाखाली घालायला पाचर असते, कुऱ्हाड नव्हे.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे झाडं आडवी झाली, त्यात आमच्या परसातला रायवळ आंबाही गेला. करवतवाल्याने बुंध्याचे दीड-दीड फुटांचे गोल पाडून दिले, एकेक गोल कवेत न मावणारा, आणि भाऊ थेट मध्यावर घाव घालायला लागला. जुन्या आंब्याच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात. मध्यावर बसलेल्या पात्याला चारी बाजूंचं लाकूड आवळून धरतं. असा गोल कडेने सोडवायचा. आधी तोंडाकडे नीट बघा: गाभ्यापासून सालीकडे गेलेल्या बारीक भेगा दिसतील, गाठ कुठल्या बाजूला आहे तेही दिसेल. गाठीची बाजू खाली ठेवा. आपल्या जवळच्या कडेपासून तीन-चार बोटं आत, कडेला समांतर घाव घाला. ढलपी सुटली की गोलाभोवती एक पाऊल सरका, पुढची काढा. पलीकडच्या कडेवर घाव घालू नका. पातं पुढे निसटतं आणि दांडा कडेवर आपटून मोडतो. चारी बाजूंच्या ढलप्या गेल्या की मधला गाभा उरतो. तो सर्वात मोठ्या भेगेवर पोलादी पाचर ठेवून, घणाने हलके दोन ठोके देऊन मग जोरात हाणून उघडायचा. पाचर अडकली तर त्याच चिरेत पुढे दुसरी ठोका, पहिली आपोआप सैल होते. पाचरेचा माथा ठोकून ठोकून पसरला की त्याच्या कडा कानशीने काढून टाका, नाहीतर तुकडे उडतात. बेचक्याचा गोल असेल तर खोडाची बाजू वर करा आणि दोन्ही फांद्यांचे गाभे जोडणाऱ्या रेषेवर पाचर लावा. दोन फांद्या एकमेकींपासून फाडायला गेलात तर सकाळ तिथेच जाईल.

साध्या, वीतभर जाडीच्या तुकड्यांना एवढं काही लागत नाही. खाली फूटभर उंचीचा ठोकळा घ्या, तुकडा ठोकळ्याच्या पलीकडच्या कडेला उभा करा, म्हणजे घाव आखूड पडला तरी पातं ठोकळ्यात बसेल, नडगीवर येणार नाही. पाय खांद्याएवढे फाकलेले, एकही पुढे नाही. वरचा हात माथ्यापासून दांड्यावरून खाली सरकू द्या, आणि पातं लाकडाला लागताना गुडघे वाकवा. नजर घावाच्या जागेवर. तिथे नीट बसलं की "चर्र" आवाज होतो, दोन फाळक्या दोन बाजूंना पडतात, ओल्या सालीचा वास येतो आणि हाताला काहीच जाणवत नाही. हेच सुख. मशीनमध्ये ते नाही, आणि एका घराच्या न्हाणीपुरत्या सरपणाला मशीन म्हणजे पैशांची नासाडी.

लाकूड कुठलं, यावर वेळ ठरते. सुरू आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ ओली असतानाच फोडा. वाळल्यावर पाचरही उसळून येते. काजू हलका, लवकर जळून जातो, आणि त्याचा चीक अंगावर घेऊ नका. दिवाळीनंतर तोड, शिमग्याच्या आत फोड, मग जांभ्याच्या चिऱ्यांवर जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून सुटी रचाई. मृगाच्या आधी सगळं पडवीत किंवा माळ्यावर. वाळलं की नाही हे बघायला दोन फाळक्या एकमेकींवर आपटा: खणखणीत आवाज म्हणजे वाळलं, बद्द आवाज म्हणजे अजून ऊन द्या.

फोड येतात कारण तुम्ही मूठ आवळून धरताय. सैल धरा, दांड्यावरचं वॉर्निश काचेने खरवडून काढा.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ, खैर ही झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली येतात. उभं झाड पाडण्याआधी परवानगी काढा. आणि रचलेल्या सरपणात फुरसं आणि विंचू असतात. लाकूड वरून एकेक काढा, आधी काठीने हलवा, पायात बूट घाला, अंधारात हात घालू नका.