वाचकांचे प्रश्न : रोख्याची किंमत आणि यील्ड

प्रश्न : गेल्या महिन्यात मी 7 टक्के कूपनचा, 10 वर्षे मुदतीचा एक रोखा दर्शनी मूल्यालाच घेतला. रोखा काढणाऱ्या संस्थेच्या पतीबद्दल मला शंका नाही. तरीही आता विवरणात त्याची किंमत 93 च्या आसपास दिसते आणि ‘यील्ड वाढल्यामुळे’ असे कारण सांगितले जाते. यील्ड वाढले, तर मला जास्त मिळायला हवे ना? आणि हा रोखा विकून 8 टक्क्यांचा घ्यावा का?

उत्तर : आपल्या रोख्यावर मिळणाऱ्या व्याजात कवडीचाही फरक पडलेला नाही. कूपन, म्हणजे दर्शनी मूल्यावरचे वार्षिक व्याज, रोख्याबरोबरच ठरते आणि मुदत संपेपर्यंत तेच राहते. यील्ड मात्र आज जो माणूस बाजारभावाने हा रोखा घेईल, त्याला मुदतीपर्यंत पडणारा वार्षिक परतावा सांगते. म्हणजे वाढलेले यील्ड नव्या खरेदीदाराचे आहे. आपले यील्ड आपण ज्या किमतीला रोखा घेतला, त्या दिवशीच ठरून गेले.

दर्शनी मूल्य, म्हणजे मुदत संपल्यावर परत मिळणारे मुद्दल, 100 धरले, तर हा रोखा म्हणजे नऊ वर्षे प्रत्येकी 7 आणि दहाव्या वर्षी 107 मिळण्याचा करार आहे. (व्याज वर्षातून एकदाच मिळते असे मी सोयीसाठी धरले आहे.) बाजारात तेवढ्याच जोखमीच्या नव्या रोख्यांवर 8 टक्के मिळू लागले, की या प्रत्येक रकमेचे आजचे मोल, म्हणजे आज किती गुंतवले तर त्या वेळी तेवढी रक्कम होईल ते, 8 टक्क्यांच्या हिशेबाने काढावे लागते. वर्षभराने मिळणाऱ्या 7 चे आजचे मोल 6.48 भरते, तर दहा वर्षांनी मिळणाऱ्या 107 चे केवळ 49.56. अशा दहाही रकमांची बेरीज 93.29 येते, आणि विवरणातला आकडा तोच आहे. दर उलट 6 टक्क्यांवर उतरला असता, तर हीच बेरीज 107.36 झाली असती. दर सारखाच एक टक्का हलला तरी किंमत वाढते 7.36 ने आणि घटते 6.71 ने, वर जाताना ती जास्त चढते आणि खाली येताना कमी उतरते, या गुणाला कॉन्व्हेक्सिटी म्हणतात.

आता विकण्याबद्दल. 93.29 ला विकून तीच रक्कम 8 टक्क्यांच्या, तेवढ्याच मुदतीच्या रोख्यात घातली, तर दरवर्षी 7.46 मिळतील, पण शेवटी मुद्दल 93.29 च हाती येईल. आताच्या रोख्यात दरवर्षी 7 मिळतात आणि शेवटी पूर्ण 100. आजच्या दराने या दोन्हींचे मोल सारखेच आहे. त्यामुळे नुसत्या अदलाबदलीतून काही पदरात पडत नाही, खरेदी-विक्रीचा खर्च मात्र पडतो. ‘मुदतीपर्यंत ठेवणार असाल, तर किंमत पाहूच नका’ हा सल्लाही मला पूर्णपणे पटत नाही. पैशाची गरज मुदतीआधी पडण्याची शक्यता असेल, तर त्या दिवशीची किंमत हीच आपली रक्कम असते.

हा धोका मुदतीबरोबर वाढतो. याच कूपनचा 2 वर्षांचा रोखा 8 टक्क्यांच्या दराला 98.22 पर्यंतच उतरतो, तर 30 वर्षांचा 88.74 पर्यंत. या संवेदनक्षमतेचे माप म्हणजे ड्युरेशन, म्हणजेच रोख्याच्या रकमा हाती यायला त्यांच्या आजच्या मोलानुसार सरासरी लागणारी वर्षे. फ्रेडरिक मॅकॉले यांनी ही कल्पना 1938 मध्ये मांडली. दीर्घ मुदत आणि अल्प कूपन एकत्र आले, की काय होते ते ऑस्ट्रियाच्या रोख्यात दिसले. त्या सरकारने 2020 मध्ये 0.85 टक्के कूपनचा, 2120 मध्ये फेड होणारा रोखा काढला. सरकारची पत चांगली होती, व्याजही चुकले नाही, तरी दर वाढल्यावर त्याची किंमत दर्शनी मूल्याच्या निम्म्याच्याही खाली गेली. पत आणि किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी यासाठीच वारंवार सांगतो.

प्रश्न : माझ्यासमोर 5 वर्षे मुदतीचे, सारख्याच पतीचे दोन रोखे आहेत. एकाचे कूपन 9 टक्के, भाव 108.20, दुसऱ्याचे 7 टक्के, भाव 100. पहिल्याचे चालू यील्ड 8.32 टक्के आहे, म्हणून तोच घ्यावा असे मला सुचवण्यात आले. हे योग्य आहे का?

उत्तर : चालू यील्ड म्हणजे वार्षिक व्याज भागिले भाव, एवढेच. मुदत संपताना 108.20 चे 100 च परत मिळणार, ही 8.20 ची घट त्या आकड्यात कुठेच धरलेली नसते. ती धरून काढलेले मुदतपूर्तीपर्यंतचे यील्ड दोन्ही रोख्यांचे 7 टक्केच येते. जास्तीचे व्याज म्हणून दरवर्षी जे हाती येते, त्यात आपण आधी भरलेल्या अधिमूल्याचाच (दर्शनी मूल्याहून जास्त दिलेल्या रकमेचाच) हप्ता असतो. व्याज खर्चून टाकणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, आणि पाच वर्षांनी मुद्दल कमी झालेले दिसते. निव्वळ चालू यील्ड दाखवून रोखा सुचवणे मला योग्य वाटत नाही. विचारताना मुदतपूर्तीपर्यंतचे यील्ड विचारावे, आणि भावात मागील हप्त्यानंतर साठलेले व्याज धरले आहे की नाही, हेही.

प्रश्न : मुदतपूर्तीपर्यंतचे यील्ड 7 टक्के असेल, तर शेवटपर्यंत थांबल्यावर 7 टक्के नक्की मिळतात का?

उत्तर : संस्थेने सर्व देणी वेळेवर फेडली आणि मिळालेला प्रत्येक व्याजाचा हप्ता आपण पुन्हा 7 टक्क्यांनीच गुंतवला, तरच. 10 वर्षांच्या रोख्यात 100 चे तसे 196.72 होतात. हप्ते नुसते पडून राहिले, तर व्याजाचे 70 आणि मुद्दलाचे 100 मिळून 170 च होतात, आणि प्रत्यक्ष परतावा वर्षाला सुमारे 5.45 टक्क्यांवर येतो. शून्य कूपनच्या रोख्यात पुन्हा गुंतवण्याचा हा प्रश्नच येत नाही, कारण मध्ये काही मिळतच नाही : 7 टक्क्यांच्या हिशेबाने आज 50.83 भरायचे आणि दहा वर्षांनी 100 घ्यायचे. मात्र त्याचे ड्युरेशन पूर्ण दहा वर्षांचे असते, तर व्याज देणाऱ्या रोख्याचे साडेसात वर्षांच्या आसपास. म्हणून मध्येच विकायची वेळ आली, तर दरवाढीचा फटका त्याला अधिक बसतो.