बरीच वर्षे बंद असलेल्या जुन्या पिनबॉल यंत्राचे विद्युत भाग पुन्हा चालू कसे करावेत?

आपले यंत्र १९६० च्या दशकातले, रिले (विजेने उघडझाप होणारे स्विच) आणि कॉइल (वीज सोडताच चुंबकासारखे ओढणारे तारेचे वेटोळे) यांवर चालणारे असून अनेक वर्षे पडून आहे, तेव्हा ते थेट सुरू करून पाहावे का, असे आपण विचारले आहे. कृपया तसे करू नका. मी दुरुस्तीला घेतलेल्या पहिल्या यंत्रात आधीच्या मालकाने वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी दुप्पट अँपिअरचा फ्यूज बसवला होता. मी तो न तपासता वीज सुरू केली आणि अडकून राहिलेली एक कॉइल माझ्या डोळ्यांदेखत जळाली.

म्हणून प्रथम सर्किटच्या नकाशाशी ताडून प्रत्येक फ्यूज योग्य मूल्याचा आहे ना ते पाहावे आणि प्लगपासून यंत्रात येणारी तडे गेलेली दोनपदरी वायर काढून अर्थिंग असलेली तीनपदरी वायर जोडावी.

अशा यंत्रांत भाग जळालेले क्वचितच असतात. बहुतेक बिघाड स्विचच्या पत्त्यांवर (धातूच्या पातळ पात्यांवर) साचलेल्या मळामुळे किंवा त्यांच्यातले अंतर बिघडल्यामुळे होतात. चांदीचे कॉन्टॅक्ट (पत्त्यांवरचे एकमेकांना टेकणारे ठिपके) कानशीने घासू नयेत, कारण त्यांचा थर पातळ असतो. जाड कोऱ्या कागदाची पट्टी पत्त्यांमध्ये धरून हलकेच ओढली तरी पुरते. फ्लिपरचे (बटण दाबताच चेंडू टोलवणाऱ्या दांड्याचे) टंग्स्टनचे कॉन्टॅक्ट मात्र कठीण असल्याने त्यांना बारीक कानस चालते. तेलाचा फवारा कुठेही मारू नये. त्यावर धूळ चिकटते आणि ठिणगीने पेट घेण्याचाही धोका असतो.

फ्लिपर वर पोहोचताच उघडणाऱ्या स्विचकडे विशेष लक्ष द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वेढे, म्हणजे तारेच्या दोन वेगळ्या गुंडाळ्या असतात: कमी रोधाचा वेढा फ्लिपर जोराने उचलतो, आणि तो पूर्ण वर पोहोचताच हा स्विच उघडून जास्त रोधाचा वेढा प्रवाहमार्गात येतो, त्यामुळे थोड्याच प्रवाहावर फ्लिपर वर टिकून राहतो. स्विच उघडला नाही तर बटण दाबून धरताच कॉइल तापून जळते. तो मळकट असेल तर फ्लिपर दुबळा पडतो, आणि लोक विनाकारण नवी कॉइल विकत घेतात.

बल्ब बदलताना ४४ क्रमांकाऐवजी ४७ क्रमांकाचे घ्यावेत. दोन्ही ६.३ व्होल्टचेच आहेत, पण पहिला ०.२५ अँपिअर घेतो आणि दुसरा ०.१५; तीस बल्बांमागे ट्रान्सफॉर्मरवरचा भार ७.५ वरून ४.५ अँपिअरवर येतो, शिवाय मागच्या काचेवरचे रंगकामही कमी तापते. ते एकदा सोलवटले की मूळ रूपात परत मिळत नाही.