तीन-चार गोधड्यांचं कापड एकदमच कापून ठेवलं तर चालेल का?

चालेल, पण आधी फक्त चौकोन आणि पट्ट्या कापा. त्रिकोण नकोत. त्यांची उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी कापलेली, कड नुसत्या हाताळण्यानंही ताणली जाते आणि मग काही केल्या कोपऱ्याला कोपरा जुळत नाही. ते शिवायला बसाल तेव्हाच कापा. नवं सुती कापड आधी धुऊन, इस्त्री करून घ्या. लाल आणि गडद निळं वेगळं धुवा. जुन्या लुगड्यांचं कापड आटायचं तेवढं आटलेलंच असतं, फक्त विरलेला भाग सोडा. शिवून ४ इंची चौकोन हवा असेल तर साडेचार इंची कापा, म्हणजे चारी बाजूंना शिलाईसाठी पाव-पाव इंच मिळतो. प्रत्येक गोधडीची पिशवी वेगळी, आत मापाची चिठ्ठी. काठाच्या पट्ट्या मात्र वरचा थर जोडून झाल्यावर, मोजूनच कापा.