डायल थर्मामीटर: तुमचे प्रश्न, माझी कटकट

गेल्या दोन महिन्यांत बायमेटल, म्हणजे दोन धातूंच्या पट्टीवर चालणाऱ्या डायल थर्मामीटरवर इतके मेसेज आलेत की म्हटलं एकदाच बसून उत्तरं देऊन टाकू. निम्मे प्रश्न तर एकाच गोष्टीचे आहेत, फक्त कारखाने वेगळे.

याला सेल किंवा करंट लागतो का? (वेर्णा)

नाही.

आत नक्की फिरतं काय? (आयटीआयचा विद्यार्थी, डिचोली)

दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकांना घट्ट जोडलेल्या असतात, तापल्यावर एक जास्त वाढते आणि दुसरी जवळजवळ वाढतच नाही, म्हणून पट्टी वाकते. न वाढणारी बहुतेक वेळा इन्व्हारची, म्हणजे लोखंडात 36 टक्के निकेल. हा धातू गियोम या स्विस शास्त्रज्ञानं 1896 मध्ये शोधला आणि त्याला 1920 चं फिजिक्सचं नोबेल मिळालं ते अशाच निकेल-स्टीलच्या कामासाठी. कारखान्यातल्या डायलमध्ये ही पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळून दांड्याच्या, म्हणजे पाइपात बुडणाऱ्या नळीच्या, टोकाला बसवलेली असते. खालचं टोक फिक्स, वरचं एका बारीक शाफ्टला, आणि शाफ्टवर काटा. बस्स. म्हणजे काटा जे दाखवतो ते दांड्याच्या शेवटच्या दोन-अडीच इंचांचं तापमान. हे वाक्य लक्षात ठेव, पुढच्या उत्तरात लागणार आहे.

आमच्या छोट्या डेअरीत पाश्चरायझरनंतरच्या पाइपवरचा डायल 58 दाखवतो आणि डिजिटल 63. सहा महिने आम्ही 5 मिळवून रजिस्टरला लिहितोय. शेजारच्या युनिटवाला म्हणतो बायमेटल कमीच दाखवतं. खरं का? (फोंडा)

सहा महिने! दुधाच्या लाइनवर!

शेजारच्याचं ऐकू नका, बायमेटल ‘कमीच दाखवतं’ असं काही नसतं. डायल बाहेर काढा, बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी मिसळून त्यात दांडा खोल बुडवा, काटा स्थिर झाल्यावर शून्याजवळ आला, आणि गरम पाण्यात भरवशाच्या थर्मामीटरशी जुळला, तर डायल बरोबर आहे आणि बसवणाऱ्यानं घोळ केलाय. बहुतेक वेळा हेच निघतं. दीड इंची पाइपवर सरळ आडवा दांडा घातला तर दुधात बुडणार किती? इंच-सव्वा इंच. बाकीची कॉइल सॉकेटमध्ये, आणि तिथली उष्णता दांड्यावरून वर निघून जाते, मग काटा कमी दाखवणारच. त्यातून पॉकेट (दांडा घालायची बंद टोकाची नळी) लावलंय आणि दांडा त्यात सैल असेल तर मध्ये हवा, म्हणजे अजून वाट लागली. हे सगळं होतं कारण दुकानदार स्टॉकमधला आखूड दांड्याचा पीस ‘युनिव्हर्सल साइज’ म्हणून गळ्यात मारतो, आणि आपण लांबी न विचारता घेतो.

आता ‘5 मिळवा’ का चालत नाही ते. ही चूक फिक्स नसते. आतलं आणि बाहेरचं तापमान यातला फरक वाढला की चूक वाढते, कमी झाला की कमी, साध्या पाण्यानं लाइन धुताना ती जवळपास नसतेच. म्हणजे मे महिन्यातला 5 हा जुलैत 5 च राहील याची गॅरंटी कोण देणार? बॅच पद्धतीत दूध 63 ला 30 मिनिटं ठेवायचं असतं, तिथे दोन अंश म्हणजे चेष्टा नाही. उपाय: डायल पाइपच्या एल्बोमध्ये (वळणावर) प्रवाहाच्या समोर, पुरेशा लांबीच्या दांड्याचा बसवून घ्या. आणि त्याआधी डिजिटल तरी बरोबर आहे का ते एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या लॅबकडून तपासून घ्या, या आठवड्यात. तोपर्यंत रजिस्टरला जे दिसतं तेच लिहा आणि तुमच्या फूड सेफ्टीवाल्याला खरं सांगा.

पाणी 70 अंशांचं, डीलर 0-400 चा डायल देतोय, ‘सगळ्याला चालतो’ म्हणून. (कुंडई)

परत करा. अचूकता फुल स्केलच्या, म्हणजे डायलच्या पूर्ण रेंजच्या, टक्क्यात असते, 1 टक्का धरला तरी इकडे 4 अंश. 0-120 घ्या.

भट्टीच्या भाणाला (फेणी गाळायच्या भांड्याला) डायल लावला तर फेणी चांगली उतरेल का? आमचे काका हाताच्या अंदाजानं करतात. (सत्तरी)

काकांना कमी समजू नका. पण वाफेच्या नळीत डायल लावला तर कळतं बरंच: शुद्ध अल्कोहोल 78 च्या आसपास उकळतं, पाणी 100 ला, आणि भाणातल्या मिश्रणाची वाफ मधे कुठेतरी असते, ती वर सरकायला लागली की अल्कोहोल संपत आलं. भाणातल्या रसात लावून फारसं कळणार नाही, वाफेत लावा. काटा सावकाश हलतो हेही धरून चला. आणि कृपा करून चालू भट्टीजवळ ड्रिल नको, वाफ पेट घेते. भाण थंड आणि रिकामा असताना माहीतगार तांबटाकडून सोय करून घ्या.

पावसात काच आतून धुरकट होते. (चिखली)

सील गेलंय, बदला. समुद्राजवळ असाल तर स्टेनलेस स्टीलची सीलबंद केस घ्या. आणि बसवताना केस धरून पिळू नका, पान्यानं नटच फिरवा, अर्ध्या केसेस इथेच मरतात.

यालाच अलार्म जोडून बॉयलरची सेफ्टी करता येईल का? (पेडणे)

काँटॅक्टवाले, म्हणजे काटा ठरलेल्या आकड्यावर आला की स्विच दाबणारे, मिळतात, पण बॉयलरची सेफ्टी त्यावर अजिबात नको. त्यासाठी वेगळा स्विच, आणि तोही बॉयलर इंजिनिअरला विचारूनच.