'अदमास' आणि 'संभाव्यता'

दर्यापूर तालुक्यातील एका वाचकाने विचारले आहे की, दहावीच्या गणितात ज्याला 'संभाव्यता' म्हणतात त्यालाच गावाकडे 'अदमास' म्हणतात, असे मानावे काय. माझ्या मते मानू नये.

अदमास मोजता येणाऱ्या गोष्टीचा असतो आणि त्याची शहानिशा लवकर होते. कापूस वेचणारी बाई सायंकाळी गाठोडे उचलताच 'अदमासे अठरा किलो भरेल' असे सांगते. गाठोडे लगेच काट्याला लागते आणि मजुरी किलोवर असल्याने किलोभराची चूकही तिच्या लक्षात राहते. तुरीचे दोन-दोन दाणे टोबण्याची रीतही अशाच पडताळ्यातून पक्की झाली असावी. बियाण्याची उगवणशक्ती 70 टक्के असेल, तर एकेक दाणा टाकल्यास शंभरातील तीस जागा रिकाम्या राहतील, दोन-दोन टाकल्यास केवळ नऊ. हा 0.3 × 0.3 चा गुणाकार कोणी मांडला नाही, पण नांग्या, म्हणजे न उगवलेल्या रिकाम्या जागा, आठ-दहा दिवसांत डोळ्यांना दिसतात.

संभाव्यता ही घटनेची असते, आणि एका वेळच्या निकालावरून ती बरोबर होती की चूक, हे ठरत नाही. म्हणूनच येथे मन फसते. 'पाच वर्षांतून एकदा पावसाची ओढ बसते' हे वाक्य ऐकले की पाचांत नेमके एक वर्ष वाईट, असेच आपण धरून चालतो. दरवर्षी ओढ बसण्याची संभाव्यता एक पंचमांश आहे आणि एका वर्षाचा दुसऱ्याशी संबंध नाही असे मानले, तरी नेमकी एकदाच ओढ बसण्याची संभाव्यता सुमारे 41 टक्के निघते. एकदाही न बसण्याची 33 टक्के, आणि दोन किंवा अधिक वेळा बसण्याची 26 टक्के. मागच्या साली ओढ बसली म्हणून आता चार वर्षे निर्धास्त, असे समजून वावरावर कर्ज काढणाऱ्याला, त्या चार वर्षांत निदान एकदा ओढ बसण्याची संभाव्यता सुमारे 59 टक्के आहे, हे कोणीतरी सांगायलाच हवे.

तेव्हा 'एकरी अदमासे पाच क्विंटल तूर होईल' हे बरोबर. 'पावसाचा अदमास 60 टक्के' हे मात्र लिहू नये. तेथे बोलताना 'शक्यता' पुरेशी आहे, आणि आकडेमोड करायची असेल तर 'संभाव्यता'च लिहावे.