संत्र्याचं आइस्क्रीम: साल दुधात, रस सगळ्यात शेवटी

थंडी पडली की चोइथराम मंडीत आगर-सुसनेरकडची संत्री यायला लागतात, पांढुर्णा-सौंसरची येतात, मागून किन्नोचे (हे संत्र्यासारखंच एक फळ) ढीग लागतात, आणि आपल्या या पानाकडे येणाऱ्या प्रश्नांमधे आइस्क्रीम हा विषय एकदम वर येतो. इंदूरात थंडीत आइस्क्रीम खाणाऱ्यांची कमी नाही, रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन बघा. तर या वेळी फक्त संत्री, मोसंबी, किन्नो, लिंबू यांच्याबद्दलचेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न: ताई नमस्कार, नातवंडं येणार म्हणून संत्र्याचं आइस्क्रीम करायला घेतलं, दूध छान बासुंदीसारखं आटवलं, गॅस बंद केला आणि गाळलेला रस टाकला तर दोन मिनिटांत सगळं फाटलं. भांडं स्वच्छ होतं, दूधही ताजं होतं. चुकतंय कुठे? आणि रस कितीही टाकला तरी संत्र्याचा वास काही येत नाही, तो कसा आणायचा? (एक आजी, सुदामानगर)

उत्तर: काकू, भांड्याचा काही दोष नाही आणि दुधाचाही नाही, गरम दुधात आंबट पडलं की हे होणारच, आपण पनीर असंच तर करतो. दुधातलं केसिन नावाचं प्रोटीन आंबटपणा वाढून पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट) ४.६ च्या आसपास गेला की गोळा होऊन खाली बसतं, आणि दूध गरम असलं तर त्याच्या आधीच फाटतं, पण तेच दूध फ्रिजमधलं एकदम गार असलं तर तो आंबटपणा बऱ्यापैकी सोसतं. म्हणून दूध आणि रस दोन्ही पूर्ण गार झाल्याशिवाय एकत्र करायचेच नाहीत, कोमट असताना पण नाही. बंगाली घरांमधे कमला खीर करतात, तिच्यातही दूध आटवून गार करतात आणि मगच संत्रं घालतात, कारण हेच.

आता वासाचं. संत्र्याचा खरा वास रसात फार थोडा असतो, तो सालीत असतो. साल ज्योतीजवळ धरून दाबली की चिर्रर्र करून ठिणग्या उडतात ना, लहानपणी सगळ्यांनी केलंय ते, तर ते जे तेल जळतं तोच संत्र्याचा वास. आणि हे तेल पाण्यात नीट मिसळत नाही पण फॅटमधे लगेच मिसळतं, म्हणजे मलईदार दुधात साल घातली की सगळा वास दूध ओढून घेतं. आपण नेमकं उलटं करतो, साल कचऱ्यात टाकतो आणि रस ओतत बसतो, रसात ८५ टक्क्यांच्या वर पाणी असतं, ते पाणी वासही देत नाही आणि फ्रीझरमधे बर्फ होऊन दाताखाली येतं ते वेगळंच.

तर असं करा. तीन संत्री गरम पाण्यात चोळून धुवून कोरडी करा (चकचकीत दिसणाऱ्या फळांवर मेण असतं, ते निघायला पाहिजे), आणि बारीक किसणीवर फक्त वरची केशरी साल किसा, खालचा पांढरा भाग आला की कडू होतं, म्हणून एका जागी किसणी एकदाच फिरवायची आणि फळ वळवायचं. हा कीस १२० ग्रॅम साखरेत टाकून बोटांनी चोळत रहा. थोड्या वेळात साखर ओलसर होते, रंग धरते आणि सगळ्या स्वयंपाकघरात वास सुटतो, तिथपर्यंत चोळायचं, हे काम सोडू नका, आइस्क्रीमची निम्मी चव इथेच ठरते. मग अर्धा लिटर फुल क्रीम दूध, ६ टक्के फॅटवालं, ते उकळून थोडं आटवा, एक मोठा चमचा कॉर्नफ्लॉर गार दुधात कालवून त्यात सोडा, दाटसर झालं की गॅस बंद करून ती साखर मिसळा, झाकण ठेवा, गार झालं की गाळून रात्रभर फ्रिजमधे.

दुसरीकडे सात-आठ संत्र्यांचा रस काढून पसरट स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर आटवा, साधारण चारशे मिलीचा दीडशे मिली राहिला पाहिजे. पितळ्याचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं यासाठी नको, आंबट असतं. आटवल्याने रसाचा वास उडतो, उडू द्या, वास आपण सालीतून घेतलाय, रसाकडून फक्त गोड-आंबट चव पाहिजे. हा पण फ्रिजमधे गार करा. दुसऱ्या दिवशी २०० मिली क्रीम फेटून दुधात मिसळा आणि सगळ्यात शेवटी रस, बारीक धारेने, हलवत हलवत. मिश्रण थोडं दह्यासारखं दाट होईल, घाबरायचं नाही, ते फाटलेलं नाहीये. रंग फिका पिवळसर येतो, तोच खरा रंग आहे, त्यात खायचा केशरी रंग आणि ऑरेंज एसेन्स टाकून सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवू नका ही माझी कळकळीची विनंती. अगदीच वाटलं तर केशराच्या दोन-चार काड्या.

प्रश्न: किन्नोचा रस काढून ठेवला आणि संध्याकाळी आइस्क्रीममधे टाकला तर कडूजहर. मोसंबीचं पण असंच झालं. सकाळी तर गोड होता. फळवाल्याने फसवलं का? (एक वाचक, लोकमान्यनगर)

उत्तर: नाही, फळवाला निर्दोष आहे. फळाच्या गरात हा कडूपणा तयार नसतो, रस काढला की त्यातला एक घटक आंबटपणामुळे हळूहळू बदलतो आणि त्याचं लिमोनिन होतं, ते फार कडू. किन्नो आणि मोसंबी या बाबतीत बदनाम आहेत, काही तासांत चव बदलते, आणि गरम केलं तर अजून लवकर, म्हणून किन्नोचा रस आटवायचाच नाही. बिया मिक्सरमधे चिरडल्या गेल्या तर संपलंच, बियांमधे ते भरपूर असतं. मोसंबी-किन्नो हातयंत्रावर हलका दाबून काढा, जास्त पिळू नका, गाळा, आणि लगेच वापरा. माझं मत विचाराल तर किन्नो आइस्क्रीमला घेऊच नका, खायला ठेवा, आइस्क्रीमला नागपुरी जातीचं संत्रं घ्या जे सैल सालीचं असतं. त्यातही बी काढून मगच रस. मोसंबीला मुळात वास कमी, दुधात ती हरवून जाते.

प्रश्न: आमच्याकडे जुना सिंगल डोअर फ्रिज आहे, आइस्क्रीमचं मशीन वगैरे नाही. प्रत्येक वेळी बर्फाचे खडे होतात, चमचा शिरत नाही. काही उपाय? (विद्यार्थिनी, भंवरकुआं, रूमवर राहते)

उत्तर: बाळा, यात दोन गोष्टी आहेत. हळू गोठलं की बर्फाचे कण मोठे होतात आणि लवकर गोठलं की बारीक, म्हणून खोल डबा न घेता पसरट स्टीलचा डबा घे, मिश्रण दोन बोटं उंचच भर, आणि फ्रीझर चार-पाच तास आधीपासून सगळ्यात थंडवर ठेव. चांगला फ्रीझर उणे १८ पर्यंत जातो, तुझा जुना असेल तर तेवढा जाणार नाही, म्हणून सारखं दार उघडून बघायचं नाही. दोन-तीन तासांनी कडेने जमलं आणि मधे मऊ असलं की बाहेर काढून मिक्सरमधून फिरव किंवा काट्याने जोरात फेट, परत ठेव, असं दोनदा. दुसरं म्हणजे साखर. डाएट म्हणून साखर अर्धी करतात आणि मग दगड झाला म्हणतात, साखर फक्त गोडीसाठी नसते, तिच्यामुळे पाणी पूर्ण गोठत नाही आणि आइस्क्रीम मऊ राहतं. गार झाल्यावर गोडी कमी लागते, म्हणून मिश्रण चाखताना थोडं जास्त गोड वाटलं पाहिजे.

आपल्या आई-आज्या आइस्क्रीम मऊ आणि दाट व्हावं म्हणून जीएमएस आणि सीएमसी पावडर वापरायच्या ती आजही बेकरीचं सामान मिळतं तिथे मिळते, सियागंजात विचार. अर्ध्या लिटरला जीएमएस एक चमचा आणि सीएमसी फक्त चिमूटभर, दुधात कॉर्नफ्लॉरबरोबरच शिजवायचं. सीएमसीचा संत्र्याच्या आइस्क्रीममधे अजून एक फायदा म्हणजे आंबटात ती दुधाच्या प्रोटीनला सांभाळून घेते. चिमटीच्या वर गेली तर मात्र चिकट लागतं.

प्रश्न: माळ्यावर सासऱ्यांच्या वेळचं लाकडी बादलीचं हँडलवालं आइस्क्रीमचं पॉट सापडलं. चालवून बघायचंय पण मीठ किती घालायचं कोणालाच आठवत नाही. (एक वाचक, रामबाग)

उत्तर: अहो, फार छान वस्तू सापडलीय, टाकू नका! आधी बादली पाण्याने भरून एक दिवस ठेवा, लाकूड फुगून फटी बंद होतात. वजनाने तीन-चार भाग बर्फ आणि एक भाग खडा मीठ, बर्फ सुपारीएवढा फोडलेला, एक थर बर्फ एक थर मीठ असं भरायचं. मिठामुळे बर्फ शून्याच्या खाली पण वितळत राहतो आणि वितळायला लागणारी उष्णता आतल्या डब्यातून ओढतो, बर्फ-मिठाचं पाणी तत्त्वाने उणे २१ पर्यंत जाऊ शकतं. डबा दोन तृतीयांशच भरा, फिरवताना हवा शिरून फुगतं. बादलीला बाजूला जे भोक आहे ते मोकळं ठेवा, नाहीतर खारट पाणी झाकणाच्या वर येऊन आत जातं आणि सगळं वाया.

संत्र्यासाठी पॉट सगळ्यात उत्तम, कारण रस पहिल्यापासून घालावाच लागत नाही. नुसतं सालीच्या वासाचं दूध-क्रीम फिरवायला घ्या, दहा-बारा मिनिटांनी हँडल जड लागायला लागलं की झाकण पुसून उघडा, गार रस ओता, परत फिरवा. तोपर्यंत मिश्रण अर्धं गोठलेलं असतं, फाटायची भीतीच नाही. हँडल फिरेनासं झालं की आतली फिरकी काढून, पाणी काढून, पुन्हा बर्फ-मीठ भरून वरून ओलं पोतं टाकून तासभर मुरू द्या.

प्रश्न: सासूबाई म्हणतात दूध आणि आंबट फळ एकत्र म्हणजे विरुद्ध आहार, घरात करायचं नाही. काय करू? (एक सून, स्नेहलतागंज)

उत्तर: त्यांचं म्हणणं आयुर्वेदाला धरून आहे, दुधाबरोबर आंबट फळं तिथे विरुद्ध मानतात, तेव्हा वाद घालू नका, त्यांच्यासाठी दुधाशिवायचं करा. अर्धा लिटर ताजा रस, १२५ ग्रॅम साखर थोड्याशा पाण्यात विरघळवून गार केलेली, सालीचा कीस, अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर काळं मीठ, हे एकत्र करून फ्रीझरमधे ठेवायचं आणि तासातासाने काट्याने खरवडायचं. जेवणानंतर त्याच पहिली वाटी मागतील.

प्रश्न: लिंबाचं आइस्क्रीम घरी होतं का, की फक्त गोळाच? (एक वाचक, तिलकनगर)

उत्तर: होतं, आणि सगळ्यात सोपं तेच आहे. २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क गार करून त्यात चार-पाच कागदी लिंबांचा रस, म्हणजे साधारण ६० मिली, हळूहळू मिसळा, ते फाटत नाही तर दाट होतं. मग २५० मिली व्हिपिंग क्रीम घट्ट फेटून हलक्या हाताने त्यात मिसळा, ठेवून द्या, मधे फेटायची पण गरज नाही. टेट्रापॅकमधली २५ टक्के फॅटची साधी क्रीम घेतली तर ती फुगत नाही हे लक्षात ठेवा, तीसच्या वरची पाहिजे. कागदी लिंबाची साल फार पातळ असते, किसणी अगदी अलगद, आणि एकाच लिंबाची पुरे. आपल्या इंदूरच्या दुधातल्या शिकंजीत गोडाबरोबर तो हलका आंबटपणा लागतो ना, साधारण त्या जातीची चव येते, वरून जायफळ किसलं तर अजूनच.

प्रश्न: संत्र्याच्या फोडी आत घातल्या तर चालतील का? (एक वाचक, वैशालीनगर)

उत्तर: गोठताना नाही, दगड होतात. पापुद्रा काढून फोडी तासभर साखरेत ठेवा आणि वाढताना वाटीत वरून घाला, सुटलेला पाक पण ओता.