मोचार्स्कीही आधी कायदाच शिकले होते

प्रश्न : मी करवीर तालुक्यात राहते, बारावी आर्ट्सला आहे. शाळेत असताना इथल्या वळिवड्याच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश निर्वासितांच्या छावणीवर प्रोजेक्ट केला होता, तेव्हापासून पोलंडचा नाद लागला. कझिमियेश मोचार्स्की या पत्रकाराबद्दल वाचलं. नाझींविरुद्ध भूमिगत राहून लढले आणि नंतर जवळजवळ अकरा वर्षं तुरुंगात होते. मलाही असंच धाडसी पत्रकार व्हायचंय. पप्पा म्हणतात, पेपरात काय मिळतंय, पाच वर्षांचं लॉ कर. घरात रोज वाद होतात. काय करू?

उत्तर : पत्र वाचून आधी जरा हसू आलं. पप्पांसमोर तू ज्या माणसाचं नाव घेतेस, तो माणूस पप्पांच्याच बाजूचा निघाला! मोचार्स्की वॉर्सा विद्यापीठात कायदा शिकले, पुढच्या शिक्षणासाठी पॅरिसला गेले आणि युद्धाआधी चक्क सरकारी नोकरी करत होते. लेखणी खऱ्या अर्थानं हातात आली ती 1939 नंतर, जर्मनांनी देश गिळल्यावर. आर्मिया क्रायोवा या भूमिगत सेनेच्या माहिती आणि प्रचार विभागात ते काम करायचे. खोलीत चोरून छापलेला एखादा कागद सापडला तरी छळछावणी किंवा गोळी ठरलेली, असे ते दिवस होते. 1944 च्या ऑगस्टमध्ये वॉर्सात उठाव झाला आणि 63 दिवस चालला, तेव्हा त्यांच्याकडे रेडिओ आणि वार्तापत्राचं काम होतं.

हा भाग तुला पाठ असणार. पण ज्यासाठी त्यांचं नाव राहिलं, ते काम बंदूक आणि छापखाना दोन्ही सुटल्यावरचं आहे.

जर्मन गेले आणि ऑगस्ट 1945 मध्ये नव्या कम्युनिस्ट राजवटीच्या पोलिसांनी मोचार्स्कींना उचललं. गुन्हा काय, तर आर्मिया क्रायोवात होते, म्हणजे कम्युनिस्टांच्या नव्हे, लंडनमधल्या पोलिश सरकारच्या बाजूच्या सेनेत! (तुझ्या प्रोजेक्टशी याचा थेट संबंध आहे. वळिवड्यात सुमारे पाच हजार पोलिश लोक होते. 1948 मध्ये छावणी उठली तेव्हा त्यांतले कितीतरी जण मायदेशी न जाता इंग्लंडकडे वळले. का, ते या अटकेवरून समजतं.) चौकशीत इतकं मारलं की पुढे लिहिलेल्या अर्जात त्यांनी छळाचे 49 प्रकार नोंदवले. छळाचीसुद्धा मोजून यादी! हा मला कायद्याच्या अभ्यासाचा संस्कार वाटतो.

मार्च 1949 मध्ये त्यांना वॉर्सातल्या मोकोतुव तुरुंगातल्या एका कोठडीत टाकलं. आत दोन जर्मन होते. एक गुस्ताव शीलके, साधा पोलिसवाला. दुसरा एसएसचा, म्हणजे नाझींच्या खास सशस्त्र दलाचा, जनरल युर्गेन श्ट्रोप. 1943 मध्ये वॉर्साच्या घेट्टोतल्या, म्हणजे कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या, ज्यूंचा उठाव चिरडणारा, सगळं संपल्याची खूण म्हणून वॉर्सातलं मोठं सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ, सुरुंगानं उडवणारा. त्याच्यासोबत 255 दिवस काढायचे होते. उठणं, जेवणं, झोपणं, सगळं एकाच खोलीत.

तू काय केलं असतंस? मी बहुधा भिंतीकडे तोंड करून दिवस काढले असते. मोचार्स्कींनी त्याला बोलतं केलं. लहानपण, आई, शाळा, पक्षात कसा शिरला, बढत्या कशा मिळाल्या, एकेक विचारत गेले. असा माणूस घडतो तरी कसा, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. श्ट्रोप फुशारक्या मारायचा, तेही ऐकून घेतलं.

श्ट्रोपला मार्च 1952 मध्ये वॉर्सात फाशी दिलं. त्याच वर्षी मोचार्स्कींनाही फाशीची शिक्षा सुनावली गेली. ती बदलून जन्मठेप झाली 1953 मध्ये, पण त्यांना ते कळवलं 1955 मध्ये. मधला सगळा काळ फाशीच्या कोठडीत. 1956 मध्ये सुटले, निर्दोष ठरले आणि वॉर्सातल्या ‘कुरिअर पोल्स्की’ या दैनिकात कामाला लागले. श्ट्रोपनं सांगितलेलं नुसतं आठवून लिहिलं असतं तरी खपलं असतं. त्यांनी ते कागदपत्रांशी ताडून पाहिलं. ‘ओद्रा’ मासिकात ते क्रमशः येऊ लागलं 1972 मध्ये. 1975 मध्ये मोचार्स्की गेले, 1977 मध्ये पुस्तक आलं तेही सेन्सॉरची कात्री लागून, आणि अखंड आवृत्ती निघाली ती कम्युनिस्ट राजवट गेल्यावर. ‘कॉन्व्हर्सेशन्स विथ अॅन एक्झिक्युशनर’ हा इंग्रजी अनुवाद आहे, मिळवून वाच.

आता तुझ्या वादाचं. धाडसाचा कोर्स कुठल्याही विद्यापीठात नाही. न आवडणाऱ्या माणसाचं शांतपणे ऐकणं, लक्षात ठेवणं आणि पडताळणं हे मात्र शिकता येतं. ते कायदा शिकतानाही होतं. एफआयआर, आरोपपत्र, निकालपत्र वाचता येणारा वार्ताहर कुठल्याही संपादकाला हवाच असतो. त्यामुळे लॉची एमएच-सीईटी देऊन पाच वर्षांचं लॉ करायला माझी हरकत नाही. कोल्हापुरातच ते होतं, खोलीभाडं आणि मेसचे पैसे वाचतात. त्यानंतर शिवाजी विद्यापीठ किंवा पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून पत्रकारिता करता येईल. मात्र कायद्याची खरोखर चीड असेल तर बीए कर, इतिहास किंवा राज्यशास्त्र घेऊन. बारावीनंतर लगेच भरमसाठ फी घेणाऱ्या खासगी मीडिया कोर्सला जाऊ नकोस. माहितीपत्रकावरचा चकचकीत स्टुडिओ बघू नकोस, गेल्या तीन वर्षांतली मुलं कुठल्या पेपरात लागली ते नावानिशी विचार.

पगाराबाबत पप्पांची काळजी खरी आहे. सुरुवातीला हाती फार येत नाही. त्यांना ‘तुम्हाला काही कळत नाही’ म्हणू नकोस. मोचार्स्कींनी एसएसच्या जनरलचं ऐकून घेतलं, तुला पप्पांचं दहा मिनिटं ऐकायला काय हरकत आहे?

आणि निवड करण्याआधी एक काम कर. पत्रात तू आजोबांच्या थोरल्या बहिणीचं लिहिलं आहेस. लहानपणी त्या वळिवड्यात होत्या, पोलिश बायकांना त्यांनी पाहिलंय. त्यांच्याकडे जा. मोबाइल बाहेर ठेव, वहीसुद्धा काढू नकोस. तासभर बोल, घरी येऊन त्याच रात्री आठवेल ते सगळं लिही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन वाचून दाखव आणि त्या जिथे ‘असं नव्हं गं’ म्हणतील तिथे लाल खूण कर. मग सालं आणि जागा तुझ्या प्रोजेक्टच्या कागदांशी ताडून बघ.

ती वही, लाल खुणांसकट, मला पाठव. लॉ की बीए ते आपण त्यानंतर बोलू. बोलायला येशील तेव्हा पप्पांनाही घेऊन ये.